शब्दांची खानेसुमारी

(आकाशवाणीवर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात आभाळात अंगठ्यासारखा उभा राहिलेला एक सुळका दिसतो. तो कर्नाळा. शाळेच्या सहली तिथे पक्षी पाहायला येतात, तरुण मंडळी किल्ला चढायला येतात. किल्ल्याच्या दोन दरवाजांवर दोन शिलालेख आहेत. खालच्या दरवाजाच्या आतल्या बाजूचा लेख मराठीत आहे आणि त्यावर साल नाही. वरच्या दरवाजाचा लेख फारसीत आहे. त्यात सय्यद नूरुद्दीन मुहम्मद खान हे नाव आणि हिजरी ११४६ हे साल आहे, म्हणजे इसवी सन १७३३-३४ चा सुमार. चढणारा माणूस धापा टाकत दोन्ही लेखांखालून जातो. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आपण शिरलो, असे त्याला काही वाटत नाही.

वाटण्याचे कारणही नाही. कारण ज्या गोष्टीवर तो चढतो आहे तिला तो ‘किल्ला’ म्हणतो आणि हा शब्द अरबीतून आला. ज्यातून तो आत जातो तो ‘दरवाजा’ फारसी आहे. ‘बुरूज’ अरबी आहे, ‘तट’ संस्कृत आहे, आणि पाण्याचे ‘टाके’ अगदी आपल्या मातीतले आहे. शिवकाळात गडावर हवालदार असे, सबनीस असे, सरनोबत असे. या पदांच्या नावांतही अरबी-फारसीचा अंश आहे. कुणी गडावर उभे राहून फक्त एकाच मुळाचे शब्द वापरायचे ठरवले, तर त्याला तट सापडेल, पण दरवाजा सापडायचा नाही.

हे सगळे आज सांगण्याचे कारण एक साधा प्रश्न आहे. संगणकाला मराठी शिकवायची तर त्याला मराठी शब्दांची यादी द्यावी लागते. अशी संपूर्ण यादी कुठे मिळेल? आणि ‘संपूर्ण’ म्हणजे काय?

पुष्कळांना वाटते की संगणकाला भाषा येते. खरे तर त्याला फक्त खुणा ओळखता येतात. आपण ‘पाउस’ लिहिले की तो खाली तांबडी रेघ ओढतो. त्याला व्याकरण कळते म्हणून नव्हे; त्याच्याजवळच्या यादीत ‘पाऊस’ आहे आणि ‘पाउस’ नाही, एवढेच. यादी नसेल तर त्याला चूक आणि बरोबर यांतला फरक सांगता यायचा नाही. छापील पुस्तकाचे चित्र घेऊन त्यातली अक्षरे ओळखायची, फोनवर अर्धा शब्द लिहिला की पुढचा सुचवायचा, ग्रंथालयात एखादा विषय शोधायचा, या सगळ्या कामांच्या मुळाशी कुठे ना कुठे शब्दांचा साठा असतो.

इंग्रजीने हे काम कसे केले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७५ च्या सुमारास स्टीव्ह जॉन्सन यांनी स्पेलिंग तपासणारा एक छोटा कार्यक्रम लिहिला. तो पुढे डग मॅक्इलरॉय यांनी सुधारला. त्या वेळच्या यंत्राची स्मरणशक्ती इतकी तोकडी होती की, आजच्या साध्या फोनमधल्या एका छायाचित्राला लागते तेवढीही जागा नव्हती. तरीही त्यांनी त्यात सुमारे ३० हजार शब्द बसवले. शब्दाच्या मागचे-पुढचे प्रत्यय काढायचे, उरलेले मूळ तपासायचे, अशी युक्ती होती. पुढे युनिक्सच्या यंत्रांबरोबर एक मोठी यादीही दिली जाऊ लागली. तिच्यात सुमारे २ लाख ३४ हजार शब्द होते. ती आली १९३४ च्या वेब्स्टरच्या कोशातून. त्या कोशाचा स्वामित्वहक्क संपला होता, म्हणून कुणालाही ती यादी उचलता आली. म्हणजे संगणकाच्या युगातली यादी अर्धशतकापूर्वी कागदाच्या चिठ्ठ्यांवर शब्द लिहून काढणाऱ्या माणसांनी तयार करून ठेवली होती.

मग आपल्या भाषेच्या चिठ्ठ्या कुणी लिहून ठेवल्या?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मागे जावे लागते ते थेट शिवाजी महाराजांच्या काळापर्यंत. राज्याभिषेकानंतर महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला. तो रघुनाथपंडितांच्या नावावर ओळखला जातो. राज्यकारभारात रुळलेले सुमारे १४०० फारसी-अरबी शब्द घेऊन त्यांना संस्कृत पर्याय देण्याचा तो उद्योग होता. त्याचे दहा वर्ग आहेत आणि त्यांतला एक चक्क दुर्गवर्ग आहे. हेतू पर्याय देण्याचा होता. पण पर्याय द्यायचा तर आधी मूळ शब्द लिहून काढावा लागतो. त्यामुळे सतराव्या शतकात कारभारी माणसाच्या तोंडी कोणते शब्द होते, याची एक नेटकी यादीच आपल्या हाती आली. काढून टाकण्यासाठी केलेली नोंदही शेवटी नोंदच असते.

त्यानंतर एकोणिसावे शतक. १८१० मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांचा मराठी कोश मोडी अक्षरांत छापला गेला. १८२९ मध्ये मुंबईत शास्त्रीमंडळींनी तयार केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ निघाला. मराठीचा अर्थ मराठीतच देणारा हा कोश. आणि १८३१ मध्ये आला जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश. हा माणूस कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. हाताशी जॉर्ज आणि टॉमस हे कँडी बंधू आणि शब्द गोळा करणारी, तावून सुलाखून घेणारी पंडितांची मंडळी. लोकांनी मोल्सवर्थ साहेबाचे ‘मोलेसर शास्त्री’ करून टाकले. परक्याला आपला मानायची मराठी माणसाची ही एक जुनी रीत. मोल्सवर्थ विलायतेला गेले, परत आले आणि १८५७ मध्ये वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली. तिच्यात सुमारे ६० हजार शब्द आहेत.

१८५७ म्हटले की आपल्याला दुसरेच काही आठवते. पण त्याच वर्षी लंडनमध्ये भाषाशास्त्राच्या एका संस्थेने ‘नोंद न झालेल्या शब्दां’साठी समिती नेमली. त्यातूनच पुढे ऑक्सफर्डचा महाकोश जन्माला आला. त्यासाठी हजारो सामान्य वाचकांनी वाचता वाचता शब्द टिपले आणि चिठ्ठ्या टपालाने पाठवल्या. पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडले. आपल्याकडे एवढ्या मोठ्या प्रमाणावर वाचक गोळा झाले नाहीत. पण जिद्द कमी नव्हती. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी सहकाऱ्यांसह पुण्यात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात बाहेर काढले आणि १९५० मध्ये पुरवणी दिली. लाखाहून अधिक शब्द त्यात आहेत. यंत्र नाही, सरकारी खजिना पाठीशी नाही, आणि लाख शब्द! माझ्यासारख्या चार ओळी जुळवणाऱ्याला या आकड्यापुढे मान खाली घालावीशी वाटते.

आज मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने संगणकावर आणून सर्वांना खुले केले आहेत. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही तिथे आहे. तेव्हा कुणी म्हणेल, प्रश्न सुटला. वेब्स्टरचा कोश इंग्रजीच्या कामी आला, तसे आमचे मोलेसर शास्त्री मराठीच्या कामी येतील.

इतके सोपे असते तर काय हवे होते!

पहिली अडचण मराठीच्या स्वभावातच आहे. इंग्रजीत ‘हाउस’ या शब्दाची फार तर चार रूपे होतात. आपल्या ‘घरा’ची मोजायला बसा. घराला, घराने, घराचा, घराची, घरात, घरातला, घरातल्या, घरातल्यांना, घरापासून, घरापर्यंत, घरासमोरच्या, घरीच, घरीसुद्धा. हाताची बोटे संपतात, घर संपत नाही. कोशात यांतले एकच रूप असते, ते म्हणजे ‘घर’. बाकीची आपण आईच्या मांडीवर शिकलो म्हणून कोशकाराला लिहावी लागली नाहीत. संगणकाला आई नाही. त्याला सांगावे लागते की पाऊस भिजला की ‘पावसात’ होतो, दूध नासले की ‘दुधाचे’ होते, मूल रडले की ‘मुलाला’ घ्यावे लागते आणि कर्नाळा चढायचा तर ‘कर्नाळ्याला’ जावे लागते. म्हणजे संगणकाला नुसते मोल्सवर्थ देऊन भागत नाही. १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंगही द्यावे लागतात.

गंमत अशी की या अडचणीवर तोड निघाली ती हंगेरीत. हंगेरियन भाषाही आपल्यासारखीच शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय लावत जाणारी. तिथल्या एका तरुणाने आपल्या भाषेसाठी शब्दांची यादी वेगळी आणि प्रत्ययांचे नियम वेगळे ठेवणारी व्यवस्था तयार केली. तिचे नाव हनस्पेल. ‘हन’ म्हणजे हंगेरी. आज फायरफॉक्ससारखे कार्यक्रम जगातल्या कितीतरी भाषांसाठी तीच व्यवस्था वापरतात आणि मराठी तपासनीसही तिच्यावर चालतो. लहान भाषेने स्वतःची गरज भागवली आणि ती दुसऱ्या दहा भाषांच्या उपयोगी पडली.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते १८ झाले. त्या नियमांनी आपल्या डोक्यावरचे पुष्कळ अनुस्वार उतरवले. मोल्सवर्थमध्ये ‘नांव’ आहे, ‘पांच’ आहे; आज आपण ‘नाव’ आणि ‘पाच’ लिहितो. जुना कोश जसाच्या तसा यंत्राला दिला तर ते शाळेतल्या मुलाचे बरोबर शब्द चूक ठरवील. आणि नवाच तेवढा दिला तर ते जुन्या ग्रंथातले सगळे शब्द चूक ठरवील. दोन्ही रूपे हवीत, पण कोणत्या काळचे कोणते, याची खूण त्यांवर हवी.

तिसरी अडचण ऐकून आश्चर्य वाटेल. यादी फार मोठी झाली तर ती चुका पकडीनाशी होते. मॅक्इलरॉय यांनाही हे कळले होते, म्हणूनच त्यांनी लाखो शब्दांचा मोह धरला नाही. मराठीतले उदाहरण घ्या. ‘पाणि’ म्हणजे हात, हा चांगला संस्कृत शब्द आहे. तो यादीत टाकला की ‘नळाला पाणि आले’ हे वाक्य यंत्र बिनदिक्कत पास करते. ‘सुत’ म्हणजे मुलगा. तो ठेवला की ‘सूत’ चुकीचे लिहिलेले सापडत नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. त्यातही आमच्या घरात ‘दीन’ म्हणजे धर्म. तिथे यंत्राने काय करावे? म्हणून जाणकार सांगतात की शुद्धलेखन तपासायला रोजच्या वापराची आटोपशीर यादी हवी आणि शोधायला, वाचायला, अभ्यासाला सगळे शब्द असलेली मोठी यादी हवी. एका कामाची यादी दुसऱ्या कामाला लावली की घोटाळा होतो.

इथपर्यंतचा भाग हुशारीचा आहे. तज्ज्ञ मंडळी बसली की तो सुटतो, सुटत आला आहे. यापुढचा भाग मात्र केवळ हुशारीने सुटणार नाही. यादीत कुणाचे शब्द घ्यायचे, हा तो प्रश्न.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजून पाहिले होते. १६२८ सालच्या पत्रात त्यांना २३६ शब्दांपैकी २०२ फारसी आढळले. १६७७ च्या पत्रात १३५ पैकी ५१, आणि १७२८ च्या पत्रात १२७ पैकी अवघे ८. शब्दांची मोजदाद करून भाषेचा इतिहास सांगायचा हा मराठीतला फार जुना प्रयत्न म्हणावा लागेल, तोही हाताने केलेला. तीन पत्रे म्हणजे काही सगळी भाषा नव्हे. पण शंभर वर्षांत दरबारी लेखणीचे वळण बदलले, एवढे त्यांतून दिसते. तरीही ज्यावर ती पत्रे लिहिली तो ‘कागद’ राहिला, ज्याने लिहिली ते ‘कलम’ राहिले, ‘दौत’ आणि ‘शाई’ राहिली. पत्रातून फारसी गेली आणि पत्र लिहिण्याच्या सामानात राहिली.

या बाबतीत मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते कवी माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे कवी. त्यांनी १९२५ मध्ये ‘फारसी-मराठी कोश’ सिद्ध केला. कवीने कोश रचावा ही माझ्यासारख्याला फार लोभस वाटणारी गोष्ट आहे. शब्दावर प्रेम असल्याशिवाय असले हमालीचे काम होत नाही. आणि हेच माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीच्या चळवळीत गेले आणि १९३८ मध्ये त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिले. सावरकरांनी दिलेले ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘चित्रपट’ हे शब्द आज आपण सगळेच वापरतो, मीही वापरतो. त्या चळवळीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. तिने मराठीला नवे शब्द घडवायची सवय लावली. ‘संगणक’ हा शब्द त्या सवयीचाच पुढचा नातू. पण ‘दिनांक’ आला म्हणून ‘तारीख’ गेली नाही. अर्जावर दिनांक असतो आणि कोर्टात तारीख पडते. लग्नाची तर तारीखच धरतात. दिनांक धरल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

वादात बाजू घेता येते. यादी करणाऱ्याला ती घेऊन चालत नाही. या कामाला नाव द्यायचे तर मला एक जुना मराठी शब्द आठवतो, ‘खानेसुमारी’. फारसीत खाना म्हणजे घर आणि शुमारी म्हणजे मोजणी. पूर्वी शिरगणतीला मराठीत हाच शब्द होता. आता आपण ‘जनगणना’ म्हणतो. खानेसुमारीला आलेला कारकून उंबऱ्यात उभा राहून विचारतो, घरात माणसे किती? तुम्ही मूळचे कुठले, तुमचे पणजोबा कुठून आले, यावरून तो कुणाला गाळत नाही. जो घरात राहतो तो मोजला जातो. शब्दांचेही असेच असायला हवे. जो मराठी घरात राहतो, तो मराठी. मोल्सवर्थ यांनी तेच केले. शब्दापुढे संस्कृत, अरबी, फारसी, हिंदुस्थानी अशी मुळाची खूण लिहिली, आणि शब्द मात्र मराठीच्या कोशात ठेवला.

आता कर्नाळ्याकडेच परत वळू, कारण एका शब्दाची गोष्ट सांगायची राहिली आहे. ‘कोतवाल’. कोट राखणारा तो कोट्टपाल, असे त्याचे मूळ बरेच अभ्यासक संस्कृतात दाखवतात. हा शब्द फारसीत जाऊन ‘कोतवाल’ झाला आणि राज्यकर्त्यांबरोबर सगळ्या हिंदुस्थानभर फिरला. शहरात तो बंदोबस्ताचा अधिकारी होता. खेड्यात तो तलाठ्याच्या हाताखाली दवंडी पिटणारा, चावडीवर बसणारा माणूस झाला. या पदांची नावे अलीकडे शासनाने बदलली, पण चार पिढ्यांच्या बोलण्यात कोतवाल आहे. आणि कर्नाळ्याच्या रानात तो झाडावर बसतो. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा, आपल्या घरट्याच्या आसपास कावळ्या-घारीलाही फिरकू न देणारा पक्षी. रानाची राखण करतो म्हणून लोकांनी त्याचे नाव कोतवाल ठेवले. त्याचाच एक भाऊबंद शेपटीला दोन लांब पिसे लोंबवत उडतो, तो पल्लवपुच्छ कोतवाल. त्याला भृंगराजही म्हणतात. संस्कृतातून निघालेला, फारसीत राहून आलेला, मराठी खेड्यात नोकरी केलेला आणि शेवटी पाखरू झालेला हा शब्द. याला कोणत्या रकान्यात बसवणार?

कर्नाळ्याचे अभयारण्य १९६८ मध्ये जाहीर झाले. त्याच्या जडणघडणीत ज्या वनाधिकाऱ्यांचा वाटा आहे त्यांत मारुती चितमपल्ली यांचे नाव घेतले जाते. सोलापूरचा हा माणूस. आयुष्य रानात काढले आणि रानातले शब्द मराठीत आणले. पक्षी, झाडे, प्राणी यांची नावे त्यांनी पुस्तकात बसून शोधली नाहीत. आदिवासींच्या, कोळ्यांच्या, पारध्यांच्या तोंडून टिपली. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्दही त्यांनी दिले. त्यांचा ‘पक्षीकोश’ २००२ मध्ये आला. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जून २०२५ मध्ये ते गेले. ज्याची मातृभाषा मराठी नव्हती अशा माणसाने मराठीच्या यादीत एवढी भर घातली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आणि ती भर कशी पडली, हेही. पायी चालून, विचारून, वहीत लिहून.

जुन्या कोशांची एक बाजू इथे सांगायलाच हवी. मोल्सवर्थच्या पंडितांनी फार मोठे काम केले. पण ज्याचे कान जिथे पोहोचले तिथलेच शब्द त्याच्या वहीत आले. पनवेल, पेण, उरणच्या आगऱ्यांची बोली, कर्नाळ्याच्या आसपासच्या ठाकूरवाड्या-कातकरीवाड्यांतली बोली, मीठ पिकवणाऱ्याचे, जाळे विणणाऱ्याचे, भट्टी लावणाऱ्याचे शब्द, बायकांच्या जात्यावरचे आणि बाळंतिणीच्या खोलीतले शब्द, हे सगळे कोशात पुरते उतरले असे कोण म्हणेल? कोकणातल्या मुसलमानांच्या घरातली कोकणी तर मराठीच्या कुशीतलीच. तिथे आत्याला फुफी म्हणतात, मावशीला खाला म्हणतात, आणि पुढचे सगळे वाक्य या मातीतलेच असते. मी फोनवर ‘फजर’ लिहिले की यंत्र मला ‘नजर’ सुचवते. ‘सेहरी’ लिहिले की खाली रेघ येते. माझ्या एका मित्राच्या नावाखाली ती कायम असते. बिचाऱ्या यंत्राचा त्यात दोष नाही. त्याला जे दिले तेच ते सांगते.

पण रेघेचा परिणाम होतो. शाळेतली मुलगी निबंध लिहिते. आजीच्या तोंडचा एखादा शब्द तिच्या निबंधात येतो. खाली तांबडी रेघ येते. ती मुलगी वाद घालत बसत नाही. ती शब्द खोडते आणि यंत्राने सुचवलेला घालते. कुणी मनाई केली नाही, कुणी फतवा काढला नाही, आणि एक शब्द एका घरातून निघून गेला. पूर्वी शब्द जायला पिढ्या लागत. आता एक रेघ पुरते. मला या सगळ्या विषयाची काळजी वाटते ती इथे.

कुणी विचारील की आता नव्या यंत्रांना यादी लागतेच कुठे? कोट्यवधी पाने वाचून ती स्वतःच भाषा शिकतात. खरे आहे. पण ती वाचतात ते संगणकावर असलेले मराठी. आणि संगणकावर आहे तरी किती? देवनागरीला १९९१ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. पण आपले छापखाने त्यानंतरही बरीच वर्षे निरनिराळ्या फाँटांत काम करत राहिले आणि एकाची फाइल दुसऱ्याला उघडेना. माझ्या एका जुन्या संग्रहाची अक्षरजुळणी अशीच झाली. छापखाना बंद पडला, फाइल हाती आली. ती उघडली तर कवितांच्या जागी टिंबे, कंस आणि इंग्रजी अक्षरे. पुस्तक कपाटात आहे, पण यंत्राच्या दृष्टीने ते लिहिलेच गेले नाही. महाराष्ट्रातल्या किती तालुक्यांतल्या किती पुस्तकांची, दिवाळी अंकांची अशी गत झाली असेल! यंत्र जे वाचू शकत नाही ते त्याला शिकता येत नाही, आणि जे फक्त बोलले जाते ते तर नाहीच नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झाला. जुने शिलालेख, जुने ग्रंथ यांचा अभ्यास आता वाढावा. पण त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूवर आज बोलले जाणारे शब्दही लिहायला हवेत. हे काम कुणा एका संस्थेला झेपणारे नाही आणि कुणा एकावर सोपवून मोकळे होण्यासारखेही नाही. ऑक्सफर्डच्या कोशाला शिक्षकांनी, पाद्र्यांनी, घरी बसलेल्या बायकांनी चिठ्ठ्या पाठवल्या. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात महाविद्यालय आहे, प्रत्येक मुलाच्या हातात फोन आहे. मराठीच्या एका वर्गाने एका वर्षात आपल्या गावातल्या एका धंद्याचे शब्द लिहून काढायचे ठरवले, तर किती होतील? शब्द, त्याचा अर्थ, तो कुणी सांगितला, कोणत्या गावी, आणि तो वापरलेले एक पुरे वाक्य. एवढेच लिहायचे. शुद्ध की अशुद्ध, हा निकाल देण्याची घाई करायची नाही. आणि लिहिलेले युनिकोडमध्ये आणि सर्वांना खुले ठेवायचे, कारण कुलपातली यादी यंत्राच्याही उपयोगाची नाही आणि माणसाच्याही.

मिठागरे बुजत चालली आहेत, पनवेलच्या परिसरात विमानतळ उभा राहिला आहे, गावांच्या जागी नगरे येत आहेत. त्याबद्दल मी तक्रार करत नाही. पोराबाळांना कामे हवीतच. पण मिठागर गेले की त्याच्याबरोबर त्याचे शब्दही जातात, आणि ते सांगणारी माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांना विचारायचे तर ते पुढच्या वर्षावर टाकून चालणार नाही. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक वही घेऊन जा. आजोबांच्या शेजारी बसा आणि विचारा, या औताला काय म्हणता, या वाऱ्याला काय म्हणता, या पाखराला तुमच्या लहानपणी काय म्हणत. ते जे सांगतील ते जसेच्या तसे लिहून घ्या.